यमूताईनं न सांगितलेली गोष्ट

यमूताई प्रश्न विचारताना समोरच्या बाईच्या तोंडाकडे कधी बघायची नाही. घरात शिरली की आधी दोरीवरचं, कोनाड्यातलं, पोराच्या अंगावरचं एखादं फाटकं कापड मागून घ्यायची. चोळीची उसवलेली बाही, झबल्याचा तुटलेला बंद, काहीही. सुईत दोरा ओवायची, मान खाली घालायची आणि टाके घालता घालता विचारायची, "मंग? रातचं झोप येते का गो बरी?" बाई बोलायला लागायची. मी शेजारी बसून लिहायची.

मी पेणची. बेलखारच्या प्राथमिक शाळेत नोकरी लागली म्हणून उरणपलीकडच्या त्या खाडीकाठच्या गावात आले. साठ सालच्या आसपासची ही हकिकत. जिल्ह्याला तेव्हा कुलाबा म्हणत. गावाच्या तिन्ही बाजूंना मिठागरं, चौथ्या बाजूला थोडी भातशेती. मुंबईच्या एका वैद्यकीय कॉलेजातल्या डॉक्टरीणबाई लाँचनं मोऱ्याच्या बंदराला उतरून आमच्याकडे आल्या. लोक अफू, गांजा, तंबाखू किती आणि कशासाठी घेतात, लहान मुलांना काय चाटवतात, याची पाहणी त्यांना करायची होती. घरोघर जाऊन विचारायला त्यांना दोघीजणी हव्या होत्या, शाळा आणि घरकाम सांभाळून अर्धवेळ काम करणाऱ्या. लिहायला मी आणि विचारायला यमूताई. कारण माझ्या पेणच्या बोलीला गावातल्या बायका "कागदातली भाषा" म्हणायच्या. यमूताई त्यांच्यातलीच, आगऱ्यांची लेक आणि आगऱ्यांचीच सून.

डॉक्टरीणबाईंनी शाळेच्या एका वर्गात आम्हाला शिकवलं. विचारायचं, ऐकायचं, लिहायचं. उपदेश करायचा नाही. कुणाला नाव ठेवायचं नाही. आणि एका घरात ऐकलेलं दुसऱ्या घरात न्यायचं नाही, नवऱ्याचं बायकोला नाही की सासूचं सुनेला नाही. मग सरावासाठी आम्ही एकमेकींना प्रश्न विचारायचं ठरलं. मी यमूताईला विचारलं, "तुम्हाला कसलं व्यसन आहे का?"

"हाय ना. मशेरी."

"कधीपासून?"

"नवरा गेला तवापासून. पयले दातांना लावायची, मंग जिवाला लावाया लागले."

डॉक्टरीणबाई हसल्या. यमूताई हसली नाही. म्हणाली, "बाय, हे पयले मी सांगनार सगल्या घरांत. माजा सांगल्याबिगर त्यांचा कसा इचारू?" आणि खरोखरच प्रत्येक घरात तिनं आधी स्वतःची मशेरी सांगितली. बायका खुदकन हसायच्या आणि तिथून पुढचं सोपं व्हायचं.

ती तेव्हा चाळिशीच्या आतबाहेर असेल. उंच, काटक, चालताना दोन्ही हात मागे बांधायची सवय. फौजदार गस्तीला निघाल्यासारखी दिसायची. तिचा नवरा मिठाच्या मचव्यावर तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या होता. एकदा मचवा मुंबईहून परत आला, तो आला नाही. वादळ नव्हतं, काही नव्हतं. पहाटे बघितलं तर जागा रिकामी होती, एवढंच बाकीच्या खलाशांनी सांगितलं. मूलबाळ नव्हतं. सासरच्यांनी घरातून काढलं, तेव्हा तिला हाताला धरून आपल्या पडवीत आणणारी बाई म्हणजे सोनाय.

सोनायबद्दल सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही. सोनाय म्हणजे गावातली सगळ्यांत मोठ्या आवाजाची म्हातारी. अर्ध्या गावाची बाळंतपणं तिनं केलेली. कुणाच्या घरात भांडण लागलं की ती न बोलावता जाऊन मधे बसायची. तिनंच यमूताईला उरणला शिवणकाम शिकायला धाडलं, मशीन आणवलं आणि आपल्या पडवीत मुलींचा शिवणवर्ग सुरू करून दिला. यमूताई तिला आई म्हणायची नाही, पण सणाला पहिला घास तिच्या पानात वाढायची.

आणि हीच सोनाय गावासाठी बाळगोळ्या करायची. जायफळ, आणखी कसलीशी मुळी आणि अफूचा कण. गावातल्या बायका उजाडायच्या आत मिठागरावर जात. मीठ ओढायचं, पाट्या वाहायच्या, खारट पाण्यात पाय फुटून जायचे. अंगावरचं पोर बांधाच्या सावलीत ठेवायचं, तर ते रडून चालायचं नाही. सोनायची मोहरीएवढी गोळी आईच्या दुधात उगाळून चाटवली की पोर दुपारपर्यंत गप्प. यात काही वाईट आहे असं कुणाला वाटत नव्हतं. सोनायला तर नाहीच. "माज्या गोलीवर सगला गाव मोठा झाला," असं ती अभिमानानं सांगायची. स्वतःही रोज सकाळी चहाबरोबर अफूचा खडा घ्यायची. बंदी आली होती, परवाना तिच्याकडे नव्हता, पण अफू कुठून तरी येत होती.

पाहणीचं काम आम्ही हिवाळ्यात सुरू केलं. सगळ्याच भेटी आठवत नाहीत. धाकूबाबाची आठवते. तो म्हातारा पूर्वी बोटीवर खलाशी होता. अफू कशासाठी घेता, असं विचारल्यावर म्हणाला, गुडघे दुखतात. कधीपासून, तर म्हणाला, पोरगा बुडाला तवापासून. यमूताईच्या हातातली सुई थांबली. पुढचे बरेच प्रश्न राहिले होते. ते तिनं विचारलेच नाहीत. म्हाताऱ्याच्या सदऱ्याला बटण लावलं, ते ओढून घट्ट बसलंय का बघितलं आणि म्हणाली, "बाबा, उद्या परत येतंय." बाहेर आल्यावर मी म्हटलं, "अहो, निदान गुडघ्याचं तरी पूर्ण करायचं."

"तो गुडगा कनचा हाय ते कललं ना तुना?" म्हणाली आणि हात मागे बांधून चालायला लागली.

सोनायच्या घरचा नंबर आला तेव्हा सोनाय स्वतः उरणच्या बाजाराला गेली होती. घरी तिची सून जनी एकटीच होती; ती सोनायला आत्या म्हणायची. जनी विशीतली, बारीक, कमी बोलणारी. मांडीवर चार-पाच महिन्यांचा मुलगा. यमूताईनं त्याचं झबलं मागून घेतलं, आपली मशेरी सांगितली. जनी हसली नाही. पोराला काही चाटवता का, हा प्रश्न आला आणि ती एकदम बोलायला लागली, आवाज अगदी खाली आणून.

"ताई, माजी पयली पोर उठलीच न्हाय. सगल्यांना ठाव हाय ताप आला म्हनून. ताप नव्हता. मी मिठागरावरशी आले, उचलली, तं मान कलंडली. आत्या बोलली, देवानं नेली. मी पन तेच बोलले."

यमूताई टाके घालत राहिली.

"आता याला पन देते. मी नको बोलले तं हसते. मी मिठागरान जाते, माज्या मागं चाटवते. नवरा तिच्या शब्दाबाहेर न्हाय. म्हनून भावाला सांगलंय. तो उरनान दारूबंदीच्या सायबाला भेटला. ते येनार हायेत, तिचा डबा न्यायला." मग तिनं आम्हा दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं. "कललं तं मना घरातशी काढतील. पोर ठेवून घेतील. ताई, तू सांगशील?"

माझं लिहिणं केव्हाच थांबलं होतं. यमूताईनं दोऱ्याला गाठ मारली, दातानं दोरा तोडला आणि झबलं पोराच्या अंगावर घातलं.

"ह्यो प्रश्न आमच्या कागदावर न्हाय," ती म्हणाली. "आमी तो इचारलाच न्हाय. तू काय सांगलं न्हाय."

परतताना बांधावरून ती माझ्या पुढे चालत होती. एकदा थांबली, मिठाच्या राशींकडे बघत राहिली. मग पुन्हा चालायला लागली. एकीकडे तिला आसरा देणारी सोनाय, दुसरीकडे ते पोर. मी त्या वेळी तिच्या जागी असते तर काय केलं असतं, ते मला आजही सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी शिवणवर्ग सुटायच्या वेळी मी पडवीत होते. यमूताई सोनायच्या पायाशी जाऊन बसली. उपदेश न करण्याचा नियम मोडत ती म्हणाली, "सोनाय, सोड ना गो ते गोल्या करनं. टाकून दे तो डबा खाडीत. दिवस बरे न्हाईत."

सोनाय खदखदून हसली. "तुज्या त्या कागदांनी तुना बिगडवली! उद्या मना भात खाव नको बोलशील." वर्गातल्या मुलीही हसल्या. यमूताई तिचे पाय धरून बसली होती. सोनायनं तिच्या डोक्यावर टपली मारली आणि चहा टाकायला सांगितलं.

आठवडाभरात दारूबंदी खात्याची माणसं आली; अफूचंही तेच बघत. दुपारची वेळ होती. ती सरळ भाताच्या कणगीशी गेली, हात घालून डबा काढला. सोनायला जीपमध्ये बसवून उरणला नेलं. ती ताठ बसून गेली. जाताना पडवीतल्या यमूताईकडे तिनं एकदाच पाहिलं, आणि त्या नजरेत काय होतं ते सगळ्यांनी बघितलं.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. ताईनं सांगितलं. घरोघर फिरून विचारते ती कशाला, तर सरकारला पोचवायला. आणि वर्गातल्या मुलींनी ऐकलंच होतं की, 'डबा टाकून दे, दिवस बरे न्हाईत.' तिला ठाऊक नव्हतं तर ती असं कशी बोलली?

देवळाच्या आवारात तिला बोलावलं. बाया एका बाजूला, पुरुष एका बाजूला. पोलीसपाटलानं विचारलं, "तू सांगलंस का?"

"न्हाय."

"मंग तुना कसा ठाव होता?"

यमूताई उभी, मी तिच्या पायाशी बसलेली. समोर बायांच्या घोळक्यात जनी उभी होती, पोर कडेवर. तिचा चेहरा राखेसारखा झालेला. मी उठले. काय बोलणार होते ते ठरवलं नव्हतं, पण उठले. यमूताईनं माझ्या पदराला हिसका देऊन मला खाली बसवलं.

"इचारतोय ना? कसा ठाव होता?"

"मना ठाव होता," ती म्हणाली. "मी सांगलं न्हाय. याच्याफुडं माज्याजवल बोलायला काय न्हाय."

डॉक्टरीणबाई धावत आल्या. आमच्या कागदांवर कुणाचं नाव नसतं, आम्ही कुणालाही काही कळवत नाही, असं त्यांनी कळवळून सांगितलं. लोकांनी ऐकून घेतलं आणि घरी गेले. एकाही बाईनं पुढे दार उघडलं नाही. पाहणी तिथंच संपली. मुलींनी शिवणवर्ग सोडला. सोनायच्या पडवीतून यमूताईनं मशीन स्वतःच उचललं आणि गावाबाहेरच्या एका खोलीत नेलं. विहिरीवर ती आली की बाकीच्या बायका कळश्या उचलून बाजूला होत.

शाळा सुटल्यावर मी तिच्याकडे जायची. एकदा रागानं म्हटलं, "मी सांगते सगळ्यांना. मीही ऐकलंय."

"तू आयकलंस म्हनून ते तुजा झाला न्हाय. जनीचा हाय."

"आणि तुमचं काय?"

"माजा काय? मना कोन घरातशी काढनार? घरच न्हाय."

सोनाय काही दिवसांनी परत आली. समज देऊन सोडलं होतं. पण अफू तुटली होती. म्हाताऱ्या अंगानं ते सोसलं नाही. हातपाय ओढायचे, पोटात काही ठरायचं नाही, आवाज तर गेलाच. डॉक्टरीणबाईंनी औषधं पाठवली, तिनं ती अंगणात फेकली. यमूताई भेटायला गेली. मी बरोबर होते. खाटेजवळ जाऊन ती म्हणाली, "सोनाय, मी आलंय." सोनायनं भिंतीकडे तोंड केलं. यमूताईनं घसरलेलं पांघरूण उचलून तिच्या पायांवर घातलं. शेवटी सोनाय भिंतीकडेच बघत म्हणाली, "कोन हाय त्याला सांगा जावाला. उजेड आडवला माजा."

त्यानंतर ती आत गेली नाही. पण रोज सकाळी तांदळाची मऊ पेज करून, वर साजूक तुपाचा थेंब सोडून, मागच्या दारी जनीच्या हातात द्यायची. जनी ती आपली म्हणून सासूला भरवायची. एकदा जनीनं रडत रडत येऊन सांगितलं, "आत्या बोलली, जने, तुना पेज करायला येते गो आता. आदी पानी करायचीस."

"खाल्ली का सगली?" यमूताईनं विचारलं.

"खाल्ली."

"मंग रडतंस कनाला?"

त्या वर्षी गावात एक नवीन गोष्ट झाली. पोरं रडायला लागली. गोळ्या करणारी बाई खाटेवर, डबा गेलेला. मिठागराच्या बांधावरून, घराघरातून पोरांच्या रडण्याचे आवाज यायचे. बायका वैतागायच्या, पाळीपाळीनं एकीला घरी ठेवायच्या, सगळ्यांची पोरं सांभाळायला. कामाचे हाल झाले आणि त्याचेही शिव्याशाप यमूताईलाच मिळाले. ती आपल्या खोलीच्या दारात बसून ते रडणं ऐकायची. एक दिवस म्हणाली, "त्यो जोरात रडतो ना, त्यो जनीचा. आवाज आजीचा हाय."

पाऊस सरता सरता सोनाय गेली. यमूताईला प्रेताजवळ येऊ दिलं नाही. खाडीच्या काठानं, लांबून, ती स्मशानापर्यंत चालत गेली. हात मागे बांधलेले नव्हते. तिच्या चालण्यातला तो रुबाब गेलेला मी तेव्हा पाहिला, आणि तो परत आला नाही.

नंतर तिला म्हसळ्याला एका बालवाडीत काम मिळालं. गाव सोडताना तिला पोचवायला फक्त मी होते. जनी आली नाही. तिला येता येणार नव्हतं, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

मी बेलखारलाच राहिले. जनीचा मुलगा माझ्या वर्गात आला. दांडगा, बडबड्या, पाढे म्हणताना सगळ्यांच्या वर आवाज लावणारा. जनीचा नवरा आता मुंबईला गिरणीत लागला होता, घर तिच्या हातात आलं होतं. एका दिवाळीच्या सुट्टीत ती माझ्या दारात आली.

"बाय, मना ताईकडं ने. मी गावाला सांगनार हाय सगलं. आदी तिला सांगतंय."

आम्ही तिघं निघालो. एस.टी. बदलत, तरीनं खाडी पार करत, मुलगा खिडकीसाठी भांडत. म्हसळ्याला पोचलो तेव्हा यमूताई बालवाडीच्या ओसरीवर सुट्टीतही जमलेल्या मुलांची नाकं पुसत होती. केस सगळे पांढरे. तिनं आधी मुलाकडे पाहिलं. त्याच्या खांद्यांवरून, दंडांवरून हात फिरवला, जसं कापडाचा पोत बघतात तसं. "जेवतो का रे बरा?" इतकंच विचारलं.

जेवणं झाल्यावर जनी तिच्या पायाशी बसली. "ताई, आता मना भ्या न्हाय. आता मी देवलान उभी राहून सांगतंय. तुजा नाव सुटू दे."

यमूताई तांदूळ निवडत होती. निवडता निवडता म्हणाली, "कोनाला सांगनार?"

"गावाला."

"गाव काय करील? तुज्याकडं बोट दावील, माज्याकडचा काढून. पोरगा शालेन जातो, त्याला आयकवतील, तुज्या आयनं आजीला मारली."

"पन ताई..."

"मना जिला सांगायचा होता ती आयकायला हाय का?" तिचा आवाज पहिल्यांदा चढला. मग उतरला. "न्हाय ना. मंग र्‍हाव दे."

जनी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. यमूताईचा एक हात तिच्या पाठीवर होता, दुसरा सुपातल्या तांदळांत तसाच राहिला होता. बाहेर मुलगा बालवाडीच्या पोरांना जमवून मोठमोठ्यानं हुकूम सोडत होता.

जनीनं नंतर कुणालाच काही सांगितलं नाही. मुलगा शिकला, नोकरीला लागला, त्याला मुलं झाली. यमूताईच्या जाण्याची बातमी आली त्यालाही बरीच वर्षं झाली. मागच्या वर्षी जनी मला म्हणाली, "बाय, आता तू लिव. नावं बदल, पन लिव." म्हणून लिहिलं. नावं बदलली आहेत, गावाचंही.

पण मला ती दिसते ती त्या म्हसळ्याच्या दुपारनंतरची. आम्हाला पोचवायला ती एस.टी.पर्यंत आली. मुलाला खिडकी मिळाली म्हणून तो खूष होता. गाडी सुटायच्या बेतात असताना ती खिडकीशी आली आणि जनीला म्हणाली, "सोनायच्या न्हानीमागं तगर होती. हाय का?"

"हाय, ताई. मोठी झाली. रोज फुलं काडतंय, देवाला घालतंय."

"पानी?"

"घालतंय."

"घाल हां," यमूताई म्हणाली. आणखी काही विचारायचं होतं तिला, ओठ हलले, पण कंडक्टरनं घंटा ओढली. गाडी हलली. मी मागे वळून पाहिलं. ती हात हलवत नव्हती, गाडीकडे बघतही नव्हती. रस्त्याच्या कडेला पाठ करून उभी होती, पदर तोंडावर धरून. तिचे खांदे हलत होते. बालवाडीतली दोन पोरं तिच्या लुगड्याला धरून, तिच्या तोंडाकडे मान वर करून बघत होती.